दारावरची पाटी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला मोडी वाचायला शिकवलं. मी तेव्हा अकरावीत होते. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर चार-पाच जणं बसायचो. गुरुजी एकेक कागद उलगडायचे आणि अक्षराला हात घालण्याआधी आम्हाला विचारायचे, हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि का जपून ठेवला? या तीन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत तर वाचायला सुरुवातच करू द्यायचे नाहीत. पुढे माझी सगळी नोकरी जुन्या दप्तरांत गेली. ते तीन प्रश्न अजून सुटलेले नाहीत माझ्यापासून.

आज मी मोडीवर बोलणार नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये पब चालवणारा एक माणूस आणि त्याचा माग कसा लागला, हा माझा विषय आहे. पत्रिका वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की गुरुजींनी आयुष्यभर व्यसनमुक्तीचं काम केलं, त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर दारू विकणाऱ्याची कथा का? त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईल. नाही आलं तर नंतर मला जरूर अडवा.

सुरुवात माझ्या नातीपासून करते. माझी मुलगी बर्मिंगहॅमजवळ राहते. जावई तिथलेच, इंग्रज. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे होते, तेव्हा नातीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. आजोळची फांदी एका संध्याकाळी भरली. आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे, त्यामुळं नऊ पिढ्यांची नावं मी तिला बसल्या बसल्या सांगितली. वडिलांकडची फांदी मात्र तिच्या पणजीपर्यंत जाऊन थांबली. ही पणजी म्हणजे माझ्या विहीणबाईंच्या आई. वय नव्वदीच्या पुढे, कान जरा अधू, बाकी खणखणीत. मेथॉडिस्ट पंथाच्या. घरात दारूचा थेंब नाही, नाताळच्या पुडिंगमध्येसुद्धा नाही. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या आजोबांचे वडील वाणसामान विकायचे. नाव काय, दुकान कुठं, काही माहीत नाही. मात्र आजोबांच्या लग्नाचा दाखला पत्र्याच्या डब्यात आहे.

डबा उघडला. दाखला १८९३चा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिथल्या लग्नाच्या दाखल्यात एक फार उपयोगी रकाना असतो, वराच्या आणि वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा. वराच्या वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'लायसन्स्ड व्हिक्चुअलर', आणि खाली 'मयत'.

आता हा शब्द बघा. लिहितात व्हिक्चुअलर, उच्चारतात व्हिटलर. व्हिट्ल्स म्हणजे खाण्याचे जिन्नस. शब्दशः अर्थ घेतला तर परवानाधारक अन्नविक्रेता. पण परवाना कसला? साखर-चहा विकायला कोण परवाना मागतो? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या दोन शब्दांचा अर्थ एकच होता, बिअर, वाईन आणि कडक दारू विकायचा पूर्ण परवाना असलेला पबवाला. विहीणबाईंच्या आईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, म्हणजे आईला माहीत होतं. आई हा दाखला कधी कोणाला वाचू द्यायची नाही.

वाणसामान हे खोटं नव्हतं, मंडळी. तो भाषांतरातला आडोसा होता. ज्या घरात दारूबंदीची शपथ घेतली जायची, तिथं एका पिढीने मागच्या पिढीच्या धंद्याचं सौम्य नाव शोधलं. १८३२ साली प्रेस्टन गावात जोसेफ लिव्हझी आणि त्याच्या सोबत्यांनी मद्यत्यागाची शपथ घेतली, १८४७ला लीड्समध्ये मुलांसाठी 'बँड ऑफ होप' निघाला, आणि चॅपलमध्ये जाणाऱ्या लाखो कष्टकरी कुटुंबांत ही शपथ शिरली. त्या शपथेनं कितीतरी संसार वाचवले, हे मी मनापासून मानते. पण तिच्यामुळं कितीतरी आजोबा-पणजोबा बोलण्यातून नाहीसे झाले, हेही तितकंच खरं.

इथं मी माझा मुख्य मुद्दा मांडते. घराला ज्याची लाज वाटते, त्याला घर विसरतं. पण सरकारला ज्याचा संशय येतो, त्याला सरकार विसरत नाही. शेजारचा सुतार, चांभार, शेतमजूर, सगळे सज्जन, सगळे चर्चमध्ये जाणारे. त्यांचा कागद किती? जन्म, लग्न, मृत्यू आणि दर दहा वर्षांनी शिरगणतीतली एक ओळ. पबवाल्याचा कागद किती? त्याचा परवाना दरवर्षी नवा व्हायचा, दरवर्षी तो न्यायाधीशांपुढे उभा राहायचा, पोलीस त्याच्याबद्दल मत द्यायचे, वर्तमानपत्र ते छापायचं. गुरुजींचा तिसरा प्रश्न आठवा, का जपून ठेवला? त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून. आणि त्या अविश्वासामुळंच तो माणूस आज आपल्याला दिसतो.

हा अविश्वास जुना होता. इंग्लंडमध्ये १५५२च्या कायद्यानं बिअर विकायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागायला लागला. १७५३पासून १८२८पर्यंत परवानेवाल्यांच्या जामीनकतब्यांच्या याद्या ठेवायची सक्ती होती. त्या याद्या जिथं टिकल्या, तिथं राणीच्या आधीच्या काळातला पबवालाही सापडतो. पण १८३०मध्ये एक मोठी गोष्ट घडली. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारनं बीअरहाऊस कायदा केला. ज्याच्या नावावर घरपट्टी आहे, त्यानं अबकारी खात्यात दोन गिनी भरायच्या आणि आपल्या घरात बिअर विकायची. न्यायाधीशांकडं जायचं कारण नाही. लोक जिनऐवजी बिअर पितील आणि मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी मोडेल, असा हिशेब होता. पहिल्या सहा महिन्यांत चोवीस हजारांच्या वर परवाने गेले. विचार करा, चोवीस हजार घरांच्या बैठकीच्या खोलीत बाकं मांडली गेली, परसात पिंप आलं, आणि लोहार, सुतार, विधवा, निवृत्त शिपाई असे साधे लोक एका रात्रीत बिअरवाले झाले.

शोधणाऱ्याच्या दृष्टीनं हा काळ सगळ्यात अंधारा. कारण हे परवाने अबकारी खात्याचे, आणि त्या खात्याच्या स्थानिक याद्या फारशा उरल्याच नाहीत. व्यापारी निर्देशिका, म्हणजे पिगॉट, व्हाइट, केली यांच्या जाडजूड वह्या, त्यांत हा माणूस सापडतो तो फक्त 'बीअर रिटेलर' म्हणून. पबचं नाव बहुतेक वेळा नसतंच. शिरगणतीत तर तो कित्येकदा त्याच्या दुसऱ्याच धंद्यानं नोंदलेला असतो. १८६९च्या कायद्यानं बीअरहाऊस पुन्हा न्यायाधीशांच्या हाताखाली आली, १८७२च्या कायद्यानं परवान्यांची नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं, आणि मग उजेड पडतो.

आता आमच्या माणसाकडं येते. त्याचं नाव मी घेणार नाही, त्याचे वंशज हयात आहेत आणि सगळ्यांनाच हे जाहीर व्हावं असं वाटत नाही.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला डडली आणि आसपासच्या गावांचा पट्टा आहे, त्याला ब्लॅक कंट्री म्हणतात. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, धुरानं काळवंडलेलं आकाश. परसातल्या छोट्या भट्टीवर घरचं सगळं माणूस खिळे ठोकायचं, बायका आणि पोरंसुद्धा. माझ्या शोधातली पहिली चूक तिथंच झाली. डडली चहूबाजूंनी स्टॅफर्डशायरनं वेढलेलं होतं, म्हणून मी स्टॅफर्डशायरच्या याद्या धुंडाळत बसले. तीन आठवडे गेले. मग कळलं, त्या काळी डडली गाव वूस्टरशायरचं होतं, दुसऱ्या परगण्याच्या पोटात असलेलं बेट. आपल्याकडं पटवर्धनांची संस्थानी गावं इंग्रजी मुलखात विखुरलेली होती ना, तसंच. सांगली संस्थानच्या गावाचा कागद शेजारच्या इंग्रजी तालुक्याच्या दप्तरात शोधला तर कसा मिळेल? नव्या शोधकाला म्हणूनच सांगते, गाव आज कुठल्या जिल्ह्यात आहे ते सोडा. तेव्हा कुठं होतं, ते आधी बघा.

मग शिरगणती. इंग्लंडची खानेसुमारी एका ठरावीक रात्रीची असते, त्या रात्री त्या छपराखाली जो झोपला त्याची नोंद. १८७१ला ती रात्र होती २ एप्रिल, १८८१ला ३ एप्रिल, १८९१ला ५ एप्रिल. घरोघर वाटलेले तक्ते गोळा करून गणनाकार आपल्या वहीत उतरवायचा, आणि १८४१ ते १९०१ या काळाच्या त्या वह्याच आज आपल्याला मिळतात. १८६१ला आमचा माणूस पंचवीस वर्षांचा, बापाच्या घरी, धंदा खिळे करणारा. १८७१ला बायको आणि चार मुलं, धंदा 'खिळे करणारा व बीअर रिटेलर'. १८८१ला दुसऱ्या रस्त्यावर, मोठं घर, 'लायसन्स्ड व्हिक्चुअलर', सहा मुलं, एक कामवाली पोर आणि दोन बिऱ्हाडकरू. १८९१ला तो नाही. बायको घरची प्रमुख, विधवा, आणि धंद्याच्या रकान्यात तोच शब्द, व्हिक्चुअलर.

चार ओळी. पण खिळे ठोकणारा माणूस वीस वर्षांत कुठून कुठं गेला, ते त्यात दिसतं. १८६१ ते १८७१च्या मध्ये कधीतरी त्यानं अबकारीत दोन-चार गिनी भरल्या असणार, पुढच्या खोलीत बाक टाकलं असणार, आणि मागं परसात भट्टी चालूच ठेवली असणार. बिअर बहुधा बायकोनं घरीच केली. त्या पट्ट्यात घरची बिअर करणारे पब शेकड्यांनी होते. नेदरटनचा 'ओल्ड स्वान' हा त्यांतला एक अजून उभा आहे. १९७०च्या सुमाराला आपली बिअर आपणच करणारे जुने पब सगळ्या इंग्लंडमध्ये मिळून चारच उरले होते, त्या चारांत तो होता. विहीणबाईंच्या आई घरामागच्या धुण्याच्या खोलीला अजून 'ब्रूअस' म्हणतात. ब्रूहाऊस, बिअर करायची खोली. हा काही पुरावा नव्हे, त्या भागात सगळेच तसं म्हणतात. पण ज्या घरात थेंब चालत नाही, त्या घराच्या तोंडात तो शब्द दीडशे वर्षं टिकला, हे ऐकून मी थबकले.

शिरगणतीबद्दल जाता जाता एक सांगते. १८८१लाच हिंदुस्थानात पहिली एकाच वेळची शिरगणती झाली. राज्य तेच, राणी तीच, वर्ष तेच. तिकडच्या खिळेवाल्याच्या घरातली कामवाली पोरसुद्धा आज नावानिशी सापडते. इकडचे घरोघरचे तक्ते मात्र बेरजा झाल्यावर जपले गेले नाहीत. आपल्या हाती उरल्या त्या जातींच्या आणि जिल्ह्यांच्या बेरजा. माझ्या खापरपणजीचं १८८१मधलं वय मला कधीच कळणार नाही, आणि जावयांच्या खापरपणज्यांची वयं मी पाठ म्हणून दाखवू शकते. तिकडच्या अभिलेखागारात बसून मला हे फार लागलं होतं.

आता नोंदवही. १८७२नंतरची परवान्यांची नोंदवही बघायला मी स्थानिक अभिलेखागारात गेले. चामड्याची पाठ, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी जड. एका पबला एक पान. वर पबचं नाव, मालक कोण, परवानाधारक कोण, हस्तांतर कधी, आणि एका कडेला शिक्षा झाली असल्यास ती. आपली फेरफारची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पान चटकन वाचता येईल. या पानानं मला दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली, पबवाला हा बहुधा पबचा मालक नसतो. इंग्रजीत त्याला लँडलॉर्ड म्हणतात, त्यामुळं सगळे फसतात. घर एखाद्या ब्रुअरीचं किंवा गावातल्या धनिकाचं, हा माणूस भाडेकरू, आणि ब्रुअरीचं घर असेल तर त्याच ब्रुअरीची बिअर विकायला बांधलेला. १८८६मध्ये गिनेसचे शेअर बाजारात आले, मग ब्रुअऱ्यांनी भराभर भांडवल उभारलं आणि पब विकत घ्यायचा सपाटा लावला. शतक संपता संपता स्वतःच्या घरात स्वतःची बिअर विकणारा माणूस दुर्मीळ झाला. म्हणून ज्यांचे पूर्वज पबवाले होते त्यांनी ब्रुअऱ्यांचे कागदही बघावेत. व्हिटब्रेडसारख्या मोठ्या लंडनी ब्रुअरीची दप्तरं लंडनच्या अभिलेखागारात नीट लावून ठेवलेली आहेत.

दुसरी, शिक्षेच्या रकान्यात एक ओळ होती. रविवारी बंदीच्या वेळेत दारू दिल्याबद्दल दंड, दहा शिलिंग आणि खर्च. विहीणबाईंच्या आईंना हे सांगू की नको, असं झालं मला. सांगितलं. त्यांनी विचारलं, रविवारी कोणाला दिली? तारीख घेऊन मी स्थानिक वर्तमानपत्राकडं गेले. इंग्लंडची जुनी वर्तमानपत्रं २०११पासून ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्यानं संगणकावर शोधता येतात. बातमी सहा ओळींची. रात्रपाळी संपवून आलेले दोन भट्टीकामगार, सकाळी नऊची वेळ, मागचं दार, आणि भिंतीआड उभा असलेला शिपाई. एवढंच. ते ऐकून त्या म्हणाल्या, रात्रभर भट्टीपुढं उभं राहिलेल्या माणसाला तहान लागणारच. आयुष्यभर दारूला विरोध केलेल्या बाईचं हे वाक्य आहे.

वर्तमानपत्रात पबवाला सर्वात जास्त दिसतो, आणि तो फक्त कोर्टाच्या बातमीत नव्हे. मला वाटतं, पब म्हणजे काय होतं हेच आपण नीट समजून घेतलेलं नाही. आपल्या डोळ्यांपुढं दारूचा गुत्ता येतो. इंग्लंडच्या कष्टकरी वस्तीत शंभर माणसं बसतील अशी दुसरी खोली कुठली होती? चर्च आणि चॅपल सोडलं तर पबच. म्हणून आजारपणाच्या मदतीची मंडळं, ऑडफेलोज, फॉरेस्टर्स, पबच्या माडीवर भरायची. दर आठवड्याची पेनी तिथंच गोळा व्हायची आणि तीन कुलपांच्या पेटीत जायची, तीन किल्ल्या तीन माणसांकडं. लिलाव पबमध्ये. संपाच्या सभा पबमध्ये. आणि पगारही पबमध्ये वाटायचे, ज्याचा अर्थ तुम्हीच लावा. मजूर मजुरी घेऊन दाराबाहेर पडायच्या आत निम्मी तिथंच ठेवायचा. खाणींच्या बाबतीत १८४२मध्येच याला बंदी झाली, बाकीच्या कामगारांसाठी १८८३ उजाडावं लागलं. खिळ्यांच्या धंद्यात तर मधला दलालच कित्येकदा बिअरचं दुकान चालवायचा. लोखंड त्याचं, खिळे त्याला, आणि मजुरीच्या बदल्यात माल त्याच्याच दुकानातला. आमचा माणूस असला दलाल होता का, हे मी शोधलं. तसा एकही कागद सापडला नाही. सापडला असता तर तोही आज सांगितला असता.

आणि मृत्यूची चौकशीही पबमध्ये. अपघाती मृत्यू झाला की कॉरोनर यायचा, गावातले बारा-तेरा पंच जमायचे, आणि पंचांनी प्रेत डोळ्यांनी पाहिलं पाहिजे असा नियम होता. शवागार नसेल तिथं प्रेत पबच्या परसातल्या खोलीत ठेवायचे. १८८४च्या हिवाळ्यात आमच्या माणसाच्या पबच्या माडीवर अशी एक चौकशी झाली. कालव्यात पडलेलं एक लहान मूल होतं. बातमीच्या शेवटी एक ओळ आहे, पबवाल्यानं खोलीचं भाडं घेतलं नाही आणि पंचांनी आपला भत्ता मुलाच्या आईला दिला. ही ओळ कोणा वार्ताहरानं का लिहिली असेल? त्याच्या मनात काय होतं, ते कळायला मार्ग नाही. पण माझ्या नातीच्या वंशवृक्षात त्या माणसाच्या नावापुढे दहा शिलिंगांचा दंडही आहे आणि ही ओळही आहे. दोन्ही तिनंच लिहिल्या, मी काही सुचवलं नाही.

नावांची गंमत वेगळीच. रेड लायन, क्राउन, रॉयल ओक ही नावं प्रत्येक गावात, कधी एकाच गावात दोन-दोन, त्यामुळं केवळ पबच्या नावावरून शोध घेणारा हमखास चुकतो. पण काही नावं अशी भेटतात की मराठी माणूस जागीच उभा राहावा. लंडनमध्ये बो रोडवर 'बॉम्बे ग्रॅब' नावाचा पब होता. ग्रॅब म्हणजे पकडणं नव्हे. ते अरबी घुराब, म्हणजेच आपली गुराब. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब. मुंबईच्या इंग्रजी आरमारात त्या धाटणीचं जहाज होतं, आणि बो भागातच जॉर्ज हॉजसनची ती ब्रुअरी होती जिची फिकी बिअर जहाजांतून हिंदुस्थानात यायची. लंडनच्या भट्टीकामगारांनी आंग्र्यांच्या जहाजाचं नाव रोज संध्याकाळी तोंडात घोळवलं आणि त्यांना ते कधी कळलं नाही, आपल्यालाही नाही.

कागदाची ताकद किती असते, याचं एक सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देते. चार्ली चॅप्लिन. जगातला एवढा प्रसिद्ध माणूस, जन्म एप्रिल १८८९, पण त्याच्या जन्माची नोंद सापडत नाही. १९५२ साली ब्रिटिश गुप्तचर खात्यानं शोध घेतला, त्यांनाही मिळाली नाही. पण त्याचा काका स्पेन्सर चॅप्लिन लॅम्बेथमध्ये 'क्वीन्स हेड' हा पब चालवायचा, हे पक्कं माहीत आहे. त्या पबबाहेर घोडे धरून उभ्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या फेंगड्या चालीवरून आपण ती जगप्रसिद्ध चाल उचलली, असं चॅप्लिननं सांगितलं आहे. आणि केनिंग्टन रोडवरच्या 'थ्री स्टॅग्ज' या पबमध्ये त्यानं आपल्या वडिलांना शेवटचं हिंडतं-फिरतं पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९०१मध्ये, वडील अडतिसाव्या वर्षी दारूपायी गेले. एकाच कुटुंबातला एक भाऊ पबच्या फळीच्या आत उभा, दुसरा फळीच्या बाहेर. या धंद्यानं काय दिलं आणि काय हिरावलं, दोन्ही त्या एका घरात आहे. ते लपवून वंशवृक्ष काढला, तर तो कोणाचा वंशवृक्ष?

आता गुरुजींच्या व्यासपीठावर हा विषय का, ते सांगते. आपणही हेच करतो. १८७८चा मुंबई अबकारी कायदा, ताडीचे परवाने, भट्ट्यांचे मक्ते, लिलाव, यांचे कागद आपल्याकडंही आहेत. त्यांत नावं आहेत. ती नावं कोणाच्या कुलवृत्तांतात आहेत? आमच्या छापील कुलवृत्तांतात एका पूर्वजापुढे फक्त तीन शब्द आहेत, 'ठाण्यास व्यापार केला'. माझं आयुष्य दप्तरांत गेलं, आणि कसला व्यापार, असं मी कधी विचारलं नाही. इंग्लंडहून परतल्यावर तो शोध मी सुरू केला आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे तीन शब्द असतील, त्यांनी ते खोडू नयेत, आणि त्यांवर समाधानही मानू नये. व्यसनाशी लढताना गुरुजींनी दारू विकणाऱ्याला माणसांतून उठवलं नव्हतं. ते त्याच्या दारात जाऊन बसायचे. इथं बसलेल्या काहींनी ते पाहिलं आहे.

शेवटी त्या पबवाल्याच्या बायकोबद्दल. खरं तर हे व्याख्यान तिच्यावरच असायला हवं होतं.

१८६२मध्ये तिचं लग्न झालं. चर्चच्या नोंदवहीत तिनं सही केली नाही, फुली मारली. फुलीशेजारी पाद्र्यानं लिहिलं, अमुक हिची निशाणी. १८८९मध्ये नवरा वारला. मृत्युपत्र नव्हतं, पण १८५८पासून सगळ्या देशाची वारसा-दाखल्यांची एकच छापील यादी निघू लागली, तिच्यात तिचं नाव आहे. मागं उरलेली मत्ता दोनशे पौंडांच्या आतली. त्याच महिन्यात नोंदवहीत हस्तांतर आहे, परवाना विधवेच्या नावे. हे तेव्हा सर्रास व्हायचं. बिअर करणं, हिशेब, पिंपं, भांडणं सोडवणं, हे सगळं तीच करत आलेली असायची. कागदावर मात्र नवरा गेल्यावरच यायची.

१८७२च्या कायद्यानं परवानाधारकाचं नाव पबच्या दर्शनी भागी रंगवणं बंधनकारक होतं. म्हणजे १८८९च्या त्या महिन्यात कोणीतरी शिडी लावून नवऱ्याचं नाव खरवडलं आणि तिचं लिहिलं. ज्या बाईला सही येत नव्हती, तिचं नाव दारावर. त्या पाटीखालून भट्टीकामगार आले-गेले, बिअर न्यायला लहान पोरं जग घेऊन आली. चौदा वर्षांखालच्या पोरांच्या हाती उघडी बिअर देऊ नये, हा कायदा १९०१ला झाला. तोवर ती त्यांच्या जगात बिअर ओततच होती. जवळजवळ वीस वर्षं ती पाटी तिथं होती. मग १९०४च्या कायद्यानं, गरजेपेक्षा जास्त झालेले पब भरपाई देऊन बंद करायला सुरुवात झाली. तिचा परवाना १९०८ला गेला. भरपाईतला मोठा वाटा घराच्या मालकाचा, थोडा तिचा.

त्यानंतर ती कुठं गेली? १९११च्या शिरगणतीत सापडली. ही शिरगणती वेगळी आहे, कारण तिचे मूळ घरगुती तक्ते जपलेले आहेत, घरच्या माणसानं स्वतः भरलेले. एकाहत्तर वर्षांची, अविवाहित मुलीबरोबर दोन खोल्यांत. तक्त्याच्या तळाशी घरच्या प्रमुखाची सही लागते. तिथं फुली नाही. मोठ्या, एकेक सुट्या अक्षरांत तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं आहे. दरवर्षी परवान्यासाठी सही करता करता ती शिकली असावी, असं मला वाटतं.

त्या तक्त्यात एक प्रश्न होता, मुलं किती झाली, किती हयात, किती गेली? हा प्रश्न फक्त नवरा हयात असलेल्या बायकांना होता, विधवांना नव्हता. तिनं तरीही उत्तर लिहिलं. कचेरीतल्या कारकुनानं नियमाप्रमाणं त्यावर तांबड्या शाईची रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात. झाली नऊ, हयात पाच, गेली चार.